ख्रिस्तपुराणाची रोमन प्रत व नागरी प्रत : उपासनेच्या भाषेंतील सफाई आणि अस्सलपणा

जुन्या बाडांचा संग्रह करणाऱ्यांस एक खोड फार लवकर जडते. सुवाच्य अक्षराची, समासाच्या तांबड्या रेघा आंखलेली पोथी हातीं आली कीं आपण तिला वरचें आसन देतों. आणि खाडाखोडीची, मोडी व बाळबोध यांची भेसळ असलेली, तेलाचे डाग पडलेली वही दिसली कीं ‘अशुद्ध प्रत’ असा शेरा मारून ती बाजूस सारतों. ही चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून प्रत्यक्ष घडलेली आहे. सांगलीपासून थोड्याच अंतरावर, वाळवे तालुक्यांतील आष्टें या गांवीं, पुष्कळ वर्षांपूर्वीं एका ख्रिस्ती घरांत गाण्यांच्या दोन वह्या पाहावयास मिळाल्या. एक छापील गीतांच्या पुस्तकावरून कोणा शाळामास्तरानें वळणदार अक्षरांत उतरून घेतलेली. दुसरींत घरच्या आजीबाईंच्या तोंडचीं पदें जशीं कानीं पडलीं तशीं टिपलेलीं. ऱ्हस्वदीर्घाचा धरबंद नाहीं, आणि मध्येंच दोन पानें दुधाचा हिशेब. “ती कशाला नेतां, दादा? तिच्यांत सगळं आमचंच वेडंवाकडं हाय,” असें आजीबाई म्हणाल्या; लेखकानें तो शब्द प्रमाण मानला व पहिली वही मागून घेतली. पुढें शहाणपण सुचून दुसरीची चौकशी केली, तेव्हां ती पावसाळ्यांत भिजून चुलींत गेल्याचें कळलें. पहिली वही अद्यापि संग्रहीं आहे. तिच्यांत छापील पुस्तकांत नाहीं असें एक अक्षरही नाहीं.

ही हळहळ वाचकांपुढें मांडण्याचें कारण असें कीं, मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा जो आद्य महाग्रंथ, त्याच्या पाठासंबंधानें हाच प्रश्न सुमारें शंभर वर्षें पंडितांपुढें उभा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची एक परंपरा रोमन लिपींत उतरलेली, कोंकणी व पोर्तुगीज शब्दांनीं मिश्रित अशी आहे. दुसरी एक प्रत नागरी लिपींतील, संस्कृत शब्दांनीं सजलेली, दिसण्यास कितीतरी अधिक सोज्ज्वळ अशी आहे. यांतील अस्सल कोणती?

प्रथम ग्रंथकर्त्याविषयीं थोडेंसें. स्टीफन्स हा जन्मानें इंग्रज, विल्टशायर परगण्यांतला. इ. स. १५७५ त रोम येथें तो जेझुइट संघांत शिरला, १५७९ च्या एप्रिलांत लिस्बन सोडून त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरला, व पुढील सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ त मरण येईपर्यंत, बहुतेक साष्टी प्रांतांतच राहिला. तेथील लोकांची भाषा कोंकणी. त्यांच्यांतील जाणत्या वर्गाच्या वाचनांत मात्र मराठी पुराणें व कथा असत. धर्मांतरानंतर त्या पोथ्या काढून घेतल्या गेल्या आणि प्रश्नोत्तररूपानें पाठ करावयाची ‘दौत्रीन’ तेवढी हातीं राहिली. ही पोकळी ग्रंथाच्या आरंभींच सांगितलेली आहे. तेथें एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूस विनवितो, कीं पूर्वीं आम्हांस पुराणें होतीं, आतांही मन रिझेल असें कांहीं द्यावें. त्या मागणीचें उत्तर म्हणजे हें पुराण होय. त्याचें पहिलें पुराण ३६ अवस्वरूंचें व दुसरें ५९ अवस्वरूंचें. एकंदर ओव्या १०,९६२. रायतूर येथील छापखान्यांत १६१६ त तें पहिल्यानें छापलें, व १६४९ आणि १६५४ या वर्षीं पुनः छापलें. या तिन्ही आवृत्तींतील एकही छापील प्रत आजवर उपलब्ध झालेली नाहीं. अर्थात् जें कांहीं हातीं आहे तें सर्व हस्तलिखितांवर अवलंबून आहे.

छापील ग्रंथ रोमन लिपींत निघाला तो ग्रंथकर्त्याच्या आवडीनें नव्हे. इ. स. १६०८ च्या डिसेंबरांत स्टीफन्सनें आपल्या संघाच्या प्रमुखास रोमला जें पत्र पाठविलें, त्यांत त्यानें या देशाच्या भाषेंत व याच देशाच्या लिपींत पुस्तकें छापलेलीं पाहावीं ही आपली फार दिवसांची इच्छा कळविली आहे. अडचण अशी कीं, युरोपांत दोन डझन अक्षरांचे सांचे पुरतात, तर येथें जोडाक्षरें व काना-मात्रा धरून सहाशेंपर्यंत सांचे लागतात. तें काम झालें नाहीं. तेव्हां ट, ड, ण, ळ हे वर्ण दाखविण्याकरितां रोमन व्यंजन दोनदां लिहावयाचें, अशी एक रीति बसवून ग्रंथ त्या लिपींत उतरविला. या रीतीचा एक अनपेक्षित लाभ झाला. नागरींत लिहिणाऱ्याचा हात संस्कृत शब्दापाशीं आला कीं आपोआप कोशांतल्या रूपाकडे वळतो. रोमन लिपीस तसें कोणतेंच वळण नसल्यानें तिच्यांत शब्द बहुधा कानानें ऐकला तसा उतरला. साष्टींतल्या माणसाच्या तोंडीं मराठी शब्द कसा येई, याचा चारशें वर्षांपूर्वींचा पुरावा म्हणून या ‘विचित्र’ लेखनाची किंमत भाषाशास्त्रज्ञांस निराळी सांगावयास नको.

इ. स. १६८४ त पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेचा वापर मोडून काढण्याचें फर्मान सोडलें व गोव्यांत या वाङ्मयाचा ऱ्हास झाला. तथापि गोवें सोडून दक्षिण कानडा जिल्ह्यांत जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती घराण्यांनीं पुराणाच्या नकला जपल्या, वाचल्या, गाइल्या. त्या नकलांवरूनच जे. एल. साल्ढाना यांनीं मंगळूर येथें १९०७ त पुराणाची रोमन लिपींतील आवृत्ति काढली. पुढें १९२३ च्या सुमारास जस्टिन अॅबट यांनीं लंडनमधील मार्सडेन-संग्रहांत एक नागरी हस्तलिखित असल्याचें जाहीर केलें. अॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे, आणि आपल्या संतचरित्रांचें इंग्रजी भाषांतर करण्यांत वार्धक्य वेचलेले गृहस्थ. या प्रतींत साल्ढानांच्या पाठांतील पोर्तुगीज-लॅटिन संज्ञांच्या जागीं ठिकठिकाणीं संस्कृत शब्द आढळतात. अॅबट यांनीं हाच मूळ पाठ होय असें मानलें, आणि महाराष्ट्रांतील पुष्कळ विद्वानांस तें गोड वाटलें. वाटणारच! आपल्या ओळखीच्या पुराणाच्या पोशाखांत ग्रंथ पुढें आला. परकीय शब्दांचा सल निघाला. १९५६ त पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं पुराणाची नागरी आवृत्ति प्रसिद्ध केली, व १९९६ त मार्सडेन प्रतीवरून कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ति मुंबईस निघाली. त्यामुळें आतां दोन्ही पाठ शेजारीं ठेवून वाचण्याची सोय झाली आहे.

या वादांत दोन निरनिराळे प्रश्न एकत्र गुंतले आहेत असें आमचें मत आहे. लिपि मूळची कोणती हा एक, व शब्द मूळचे कोणते हा दुसरा. कवीनें ग्रंथ आधीं नागरींत लिहिला असणें अगदीं संभवनीय आहे; १६०८ चें पत्र त्या तर्कास बळकटीच देतें. परंतु मूळ लिपि नागरी होती एवढ्यानें नागरी लिपींत असलेली हीच प्रत मूळ शब्दांची ठरत नाहीं.

शब्दांचा निर्णय करण्यास आपल्यापाशीं खुद्द कवीचा साक्षीपुरावा आहे, आणि तो मराठी गद्यांत आहे. रोमन परंपरेंतील प्रस्तावनेंत त्यानें आपली भूमिका सांगितली आहे. ती अशी: देवाच्या गोष्टी सांगण्यास या देशांतील भाषांत मराठी ही योग्य दिसली म्हणून ग्रंथ तींत लिहिला, परंतु निव्वळ शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाहीं, म्हणून, फळ पुष्कळांच्या पदरीं पडावें या हेतूनें, मागील कवीश्वरांचे अवघड शब्द टाकले, चालू काळच्या कवींची रीत धरली, आणि ब्राह्मणांच्या भाषेंतले, म्हणजे अर्थात् कोंकणींतले, सोपे शब्द ठायीं ठायीं मिसळून कवित्व सोपें केलें. येथें कवि अज्ञानानें भेसळ करीत नाहीं. शुद्ध मराठीचें वैभव त्यास ठाऊक होतें. तिची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या शालेय पुस्तकांतून अनेकांनीं पाठ केल्या असतील. गंमत अशी कीं, त्या स्तुतीच्या ओव्या सर्वांच्या ओठीं आहेत, आणि जिची स्तुति केली तिचेंच सोवळें लोकांसाठीं जाणूनबुजून मोडलें हें सांगणारी प्रस्तावना कोणी उघडीत नाहीं.

तेव्हां सफाईदार पाठ हा कवीच्या स्वतः सांगितलेल्या हेतूच्या उलट दिशेनें जातो. कोणा पुढील जाणत्या लेखकानें, बहुधा मराठीच्या अभिमानानें व चांगल्या बुद्धीनें, ग्रंथ ‘शुद्ध’ केला असावा असें अनुमान आम्हांस अधिक ग्राह्य वाटतें. प्रतिपक्षासही एक बाजू आहे, ती लपविणें बरें नव्हे. गोव्यांत कोणतेंही धर्मपुस्तक इन्क्विझिशनच्या परवानगीवांचून छापतां येत नसे. संस्कारांचीं व तत्त्वांचीं नांवें देशी शब्दांत घातल्यास जुन्या धर्माचा अर्थ मागल्या दारानें आंत येईल ही भीति त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांस होती. तेव्हां कवीचा पहिला खर्डा संस्कृतप्रचुर होता व छापतांना पोर्तुगीज संज्ञा घालाव्या लागल्या, असेंही कोणी म्हणूं शकेल. मात्र हा तर्क धर्मसंज्ञांपुरताच चालतो. साध्या व्यवहाराच्या कोंकणी शब्दांचा उलगडा त्यानें होत नाहीं. कोणाही धर्माधिकाऱ्यानें ते घालण्याची आज्ञा केली नव्हती. ते कवीनेंच, साष्टींतल्या माणसाकडे पाहून घातले.

ज्ञानेश्वरीच्या इतिहासाशीं याची तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. स्टीफन्स गोव्यास उतरल्यानंतर पांचच वर्षांनीं, शके १५०६ त, पैठणास एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नाथांचा हेतु पाठांतराच्या ओघांत शिरलेले अपपाठ काढण्याचा होता, सजावटीचा नव्हता. तरीही त्यांच्या प्रतीच्या तेजानें पूर्वींच्या प्रती झांकोळल्या, आणि १९०९ त इतिहासाचार्य राजवाड्यांनीं आपल्या मतें नाथपूर्व असलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली तेव्हां जुन्या रूपांची खडबडीत भाषा पाहून वाचक बिचकले. त्या पोथीच्या प्राचीनतेविषयीं पुढें शंका निघाल्या त्या निघाल्याच. म्हणजे खडबडीतपणा हा अस्सलपणाचा दाखला म्हणून आंधळेपणानें स्वीकारण्याजोगा नाहीं. ओबडधोबडपणाचेंही सोंग घेतां येतें, किंवा तो नुसत्या अडाणी लेखकाच्या हातूनही उपजतो. म्हणूनच ख्रिस्तपुराणाच्या बाबतींत आम्ही भर दिला तो पाठाच्या ओबडपणावर नसून कवीच्या प्रस्तावनेवर आहे.

गोव्यांतला हा धडा पुढल्या मिशनऱ्यांपर्यंत पोंचला नाहीं. सिरामपुरास कॅरीच्या मंडळीनें १८११ त नवा करार मोडी लिपींत छापला, पण बंगाल्यांत बसून तयार झालेलें तें मराठी मुंबई इलाख्यांत जुळेना. अमेरिकन मिशननें मुंबईस स्वतंत्र भाषांतर करून १८२६ त नवा करार पुरा केला. त्यानंतर भाषांतरित गीतें विलायती चालींवर म्हणण्याचा प्रघात पडला. अक्षरें मराठी आणि वाक्याचा सांगाडा इंग्रजी, अशी जी ‘पाद्री मराठी’ थट्टेचा विषय झाली ती याच काळांतली. कोल्हापुरास वाइल्डर १८५२ त आले, मिरजेस वान्लेस यांचें रुग्णालय १८९४ त उभें राहिलें. आमच्या कृष्णा-वारणेकांठच्या गांवांत ख्रिस्ती उपासना आली ती अशा ठाण्यांवरून, आणि बरोबर हींच गीतें घेऊन. आष्ट्याच्या त्या शाळामास्तरांची वही याच वळणाची होती.

हें वळण बदलण्यांत ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्या नारायण वामन टिळकांचे अखेरचे दिवस साताऱ्याशीं निगडित आहेत, हें येथें मुद्दाम नोंदविण्यासारखें आहे. कारण वाळवें तालुका त्या काळीं सातारा जिल्ह्यांतच मोडत असे, १९४९ त दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला तेव्हां तो निघाला. टिळकांनीं १८९५ त बाप्तिस्मा घेतला; अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) मिशनच्या नोकरींत राहून अभंग, पदें, कीर्तनें यांची जोड उपासनेस दिली. परंतु गीतांची चाल देशी झाली तरी गाणारा परक्याच्या पगारावर जगतो, ही विसंगति त्यांस बोंचत राहिली. इ. स. १९१७ त त्यांनीं मिशनचा पगार सोडला व साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. अवघ्या दोन वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, टिळक मुंबईस वारले व दरबार वाढला नाहीं. संस्था म्हणून तो प्रयत्न फसला असें म्हणणें प्राप्त आहे. टिळकांचीं पदें मात्र राहिलीं. कारण तीं आधींच लोकांच्या तोंडीं बसलीं होतीं.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण स्टीफन्सच्या अधिक जवळचें आहे. ज्या बाईस १८७८ त कलकत्त्याच्या पंडितांनीं ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिनें केडगांवास बसून हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करावयास घेतलें, आणि त्यांतून संस्कृत शब्द होतां होईतों वगळले. खेड्यांतून आलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बायकांस तें वाचतां यावें एवढाच त्यामागील उद्देश. १९२२ त रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ मुक्ति मिशनच्या छापखान्यांतून, तेथील बायकांच्याच हातून छापून, १९२४ त बाहेर पडला. पंडितांनीं त्याचें कौतुक केलें नाहीं, व इतर मंडळ्यांनींही तो फारसा स्वीकारला नाहीं. ग्रांथिक सफाईच्या दृष्टीनें त्यांत दोष काढतां येतील, नाहीं असें नाहीं. तथापि हे दोष अशक्तीचे नव्हत. संस्कृत जिच्या जिव्हाग्रीं होतें तिनें तें बुद्ध्याच दूर ठेविलें. भाषेपुरतेंच नव्हे. १९०५ त मुक्ति मिशनांत जी धर्मजागृति झाली तींत शेंकडों मुली एकाच वेळीं मोठ्यानें रडत, ओरडत प्रार्थना करूं लागल्या, आणि बाहेरून हा गोंधळ आहे अशी टीका झाली. रमाबाईंनीं आपल्या पत्रिकेंतून उत्तर दिलें तें असें, कीं हिंदी माणसाचा स्वभाव देवानेंच घडविला आहे. त्यांनीं युरोपीय शिष्टाचारानें प्रार्थना करावी असा आग्रह मिशनऱ्यांनीं धरूं नये, उलट या स्वभावाचा अभ्यास करावा.

नित्याच्या संसारांत हीच वृत्ति कशी दिसते, हें पाहावयाचें तर लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ उघडावीं. १९३४ पासून तीं भागशः प्रसिद्ध झालीं. शाळेचें शिक्षण नसलेल्या या बाईनें नवऱ्याचा विक्षिप्तपणा, स्वतःचें सोवळें, तें सुटतांना झालेली ओढाताण, दारिद्र्य, भांडणें हीं सर्व जशींच्या तशीं सांगितलीं. धर्मांतराच्या कथा त्या काळीं ठराविक सांच्याच्या असत: आधीं अंधार, मग एका क्षणीं प्रकाश. लक्ष्मीबाईंच्या कथनांत तो क्षण शोधूं जाल तर हातीं येत नाहीं. वर्षानुवर्षें कुरकुरत, हंसत, माघार घेत चाललेलें एक मन तेवढें दिसतें. टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें त्यांनींच रचून पुरें केलें. त्या काव्याचे वाचक आज थोडे, स्मृतिचित्रांचे अगणित. यावरून वाचकांनीं काय तें ताडावें.

आतां संग्राहकांच्या उपयोगाच्या दोन गोष्टी. ख्रिस्तपुराणाच्या नकला दक्षिण कानड्यांतील घराण्यांत जशा निघाल्या, तशा कारवारपासून सावंतवाडीपर्यंतच्या पट्ट्यांत आणखी निघणें अशक्य नाहीं. त्या रोमन लिपींत असल्यानें पोर्तुगीज कागद समजून दप्तरांत मिसळल्या जातात. करितां असे कागद चाळतांना ओंवीची मोड व दोनदां लिहिलेलीं व्यंजनें यांवर नजर ठेवावी. अर्धवट, पानें गळालेली व घरगुती हातची प्रत असेल तर ती अधिक जपावी, व तींत कोंकणी शब्द कोठें कोठें येतो याची स्वतंत्र यादी करावी. दोन पाठांचा वाद निवळला तर तो अशाच याद्यांनीं निवळेल.

दुसरी गोष्ट आमच्या मुलुखाची. सांगली, मिरज, कोल्हापूर या बाजूच्या ख्रिस्ती घरांत हातानें लिहिलेल्या गीतांच्या वह्या कोठें कोठें अजून सांपडतात. त्यांतील छापील पदांच्या नकला सोडून द्याव्या. जात्यावरच्या ओव्यांच्या चालींत येशूचें नांव गुंफलेलीं, कोणाच्याही सहीवांचूनचीं पदें जेथें दिसतील तेथें वही मागून न घेतां, मालकाच्या देखत, आहे त्या ऱ्हस्वदीर्घासह पानें उतरून घ्यावीं. दुधाचा हिशेब आला तर तोही उतरावा, कारण पुष्कळदां वहीचा सन तेवढ्यावरूनच ठरतो.